डाव्हिंची रिझॉल्व्हमधला हिरवा पडदा आणि त्यामागचे थर: मोफत आवृत्तीचे परीक्षण

हिरव्या पडद्यासमोर चित्रित केलेल्या माणसाला दुसऱ्याच ठिकाणी उभे करण्याची सोय आता मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्येही मिळते, त्यामुळे एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रोमा की’ आहे का, हे विचारण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. हिरवा रंग काढल्यावर मागे आकाश, त्याच्या पुढे डोंगर, त्याच्या पुढे तटबंदी, मग निवेदिका आणि तिच्याही पुढे एखादा कठडा असे चार-पाच थर रचायचे असतील, तर ते सॉफ्टवेअर कुठपर्यंत साथ देते, हे मात्र जरूर विचारावे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मी या एकाच कसोटीवर पारखली आहे; तिच्या संकलनाबद्दल किंवा ध्वनीच्या सोयींबद्दल येथे काही लिहिलेले नाही.

रिझॉल्व्हची जडणघडण ठाऊक असली, की त्यातल्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो. हे मूळचे चित्रपटांचे रंग सुधारण्याचे साधन. 2009 साली ब्लॅकमॅजिकने डाव्हिंची सिस्टिम्स ही कंपनी घेतली, 2014 साली फ्यूजन हे कॉम्पोझिटिंगचे, म्हणजे वेगवेगळी चित्रे एकत्र रचण्याचे, सॉफ्टवेअर बनवणारी आयऑन घेतली आणि 2018 च्या 15व्या आवृत्तीत फ्यूजन हे रिझॉल्व्हच्या आतले एक स्वतंत्र पान, म्हणजे कामाचा वेगळा विभाग, झाले. वेगवेगळ्या घरांतून आलेली ही मंडळी एका छताखाली नांदत असल्यामुळे हिरवा रंग काढण्याची साधनेही तीन ठिकाणी सापडतात: एडिट पानावर थ्रीडी कीअर, कलर पानावर क्वालिफायर आणि फ्यूजन पानावर डेल्टा कीअर. नवख्या माणसाला तिन्ही सारखीच वाटतात आणि तो हाताशी असलेले पहिले साधन उचलतो. प्रत्यक्षात त्यांच्या कुवतीत मोठा फरक आहे.

परीक्षेसाठी घेतलेले चित्रीकरण गडकोटांवरच्या एका मराठी मालिकेचे आहे. निवेदिका नऊवारीत, अंबाड्यावर गजरा, नाकात मोत्यांची नथ आणि हातात हिरवा चुडा, म्हणजे हिरव्या पडद्याला अडचणीत आणणारे जवळजवळ सगळे साहित्य एकाच व्यक्तीच्या अंगावर. पार्श्वभूमी राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पश्चिमेकडे दिसणाऱ्या देखाव्याची आहे: खाली लांबवर पसरलेली संजीवनी माची, तिच्या पलीकडे तोरण्याचा डोंगर आणि वर आकाश. या देखाव्याचे थर निसर्गानेच पाडून ठेवलेले आहेत, त्यामुळे छायाचित्रांमधून आकाश, तोरणा आणि माची वेगवेगळे कापून पारदर्शक पीएनजी फायली करणे सोपे गेले. निवेदिकेच्या पुढे दगडी कठड्याचा आणखी एक थर ठेवला होता.

एडिट पानावरचा थ्रीडी कीअर चटकन काम देतो, यात शंका नाही. इफेक्ट्सच्या यादीतून तो क्लिपवर टाकायचा, व्ह्यूअरखालच्या यादीतून ओपन एफएक्सचा पर्याय निवडायचा आणि पडद्याच्या हिरव्या भागावर एक रेघ ओढायची. राहिलेल्या छटांवर आणखी रेघा ओढायच्या आणि डिस्पिलच्या (अंगावर आलेली हिरवी झाक काढण्याच्या) चौकोनात खूण करायची. थरांची रचनाही येथे सरळ असते. आकाश पहिल्या ट्रॅकवर, तोरणा दुसऱ्यावर, माची तिसऱ्यावर, निवेदिका चौथ्यावर, कठडा पाचव्यावर, आणि वरचा ट्रॅक खालच्याला झाकतो. बातमीपत्रासारखे छातीपर्यंतचे दृश्य असेल, केस घट्ट बांधलेले असतील आणि पडद्यावर प्रकाश सारखा पडला असेल, तर येथेच थांबायला हरकत नाही. अडचण येते ती मानेवर सुटलेल्या बटांशी आणि पदराच्या पातळ काठाशी. त्या वाचवायला गेले की पडद्याच्या सुरकुत्या परत दिसू लागतात आणि सुरकुत्या घालवाव्यात तर बटा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. हे दोन्ही वेगवेगळे हाताळण्याची सोय या साधनात जवळजवळ नाही.

कलर पानावरच्या क्वालिफायरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नोडच्या पटावर (नोड म्हणजे एकेका क्रियेचा चौकोन; असे चौकोन रेघांनी एकमेकांना जोडलेले असतात) अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचे, आउटपुट जोडले, की तेथूनही पारदर्शकता मिळते, आणि रंगसुधारणा करता करताच एखादा शॉट मार्गी लावायचा असेल तर ते सोयीचे आहे; पण पाच थरांच्या कामासाठी मुद्दाम तिकडे जावे असे काही नाही.

खरी ताकद फ्यूजन पानावर आहे. डेल्टा कीअर वापरताना पार्श्वरंगाचा ड्रॉपर ओढून पडद्यावर नेऊन सोडायचा, एवढ्यानेच बऱ्यापैकी निकाल हाती येतो. मात्र त्या निकालावर समाधान मानण्याआधी व्ह्यू मोड ‘स्टेटस’ करून पाहावे. या दृश्यात पूर्ण भरीव भाग पांढरा, पूर्ण पारदर्शक भाग काळा आणि अर्धवट भाग करडा दिसतो. निवेदिकेच्या पोलक्यावर पसरलेला करडा डाग साध्या दृश्यात नजरेस येत नाही, पण मागे उजळ आकाश आले की तिच्या अंगातून ढग दिसू लागतात. स्टेटसमध्ये तो आधीच पकडता येतो. मग मॅटच्या (काय भरीव आणि काय पारदर्शक हे दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राच्या) टॅबमध्ये खालची आणि वरची मर्यादा थोडी थोडी आवळत जायचे. येथे हात जड असून चालत नाही, कारण केसांचा सगळा नाजूकपणा त्या करड्या भागातच असतो.

मला या साधनात सर्वांत उपयोगी वाटली ती क्लीन प्लेट. खोलीत लावलेले हिरवे कापड स्टुडिओतल्या भिंतीसारखे एकसारखे उजळत नाही. एका कोपऱ्यात दिवा जवळ, दुसऱ्या कोपऱ्यात सावली, मध्ये घड्या. क्लीन प्लेट हा नोड निवेदिकेला बाजूला काढून त्या कापडाच्याच कमी-जास्त छटांचे एक रिकामे चित्र तयार करतो आणि डेल्टा कीअरला ते दिले, की प्रत्येक ठिकाणचा हिरवा रंग तिथल्याच हिरव्या छटेशी ताडून पाहिला जातो. एकच हिरवा सगळीकडे लावण्यापेक्षा याचा निकाल इतका चांगला येतो, की मर्यादा आवळण्याची गरज निम्म्याने कमी होते आणि बटा वाचतात. गजऱ्याच्या सुट्या पाकळ्यांपर्यंत तपशील टिकला, तो या नोडमुळे.

कापडावरून उसळून अंगावर येणारी हिरवी झाक काढण्यासाठी फ्रिंजच्या टॅबमध्ये ‘रेअर’, ‘मीडियम’, ‘वेल डन’ आणि ‘बर्न्ट’ असे चढते पर्याय आहेत. बनवणाऱ्यांनी मांसाच्या भाजणीची परिभाषा उचललेली दिसते. नथीच्या मोत्यांवर आणि पांढऱ्या गजऱ्यावर ही झाक सर्वांत जास्त बसते, कारण पांढरे आणि चकचकीत काहीही आजूबाजूचा रंग लगेच घेते. मीडियमवर मोती पुन्हा मोत्यांसारखे दिसू लागले. त्यापुढच्या पायरीवर कातडीचा रंग तांबूस-जांभळा व्हायला लागतो, तेव्हा आणखी पुढे जाण्याऐवजी निवेदिकेला कापडापासून सहा-सात फूट पुढे उभे करून चित्रीकरण करावे, हे उत्तम.

हिरव्या चुड्याचे काय, हा प्रश्न मराठी निवेदिकांच्या बाबतीत टाळता येणार नाही. कीअरच्या दृष्टीने चुडा आणि पडदा यांत भेद नाही. मनगट संपते आणि पंजा सुरू होतो, यांच्यामध्ये थेट तोरणा दिसतो. यावर फ्यूजनमध्ये उपाय आहे. हाताभोवती पॉलिगॉन, म्हणजे बहुकोनी आकार, काढून तो डेल्टा कीअरच्या सॉलिड मॅटला जोडला, की तेवढा भाग भरीव राहतो. मात्र तेवढ्याने बांगड्या दिसतात त्या राखाडी, कारण झाक काढण्याची प्रक्रिया त्यांचाही हिरवा रंग शोषून घेते. भरीव भागाला मूळ चित्रातला रंग परत देण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तेही केले, तरी बोलताना हात हलतात आणि पॉलिगॉनला त्यांच्या मागे फ्रेमगणिक फिरवत राहावे लागते. तेव्हा माझे मत असे, की चुडा किंवा हिरवी पैठणी असेल तेथे कापडच निळे लावावे. डेल्टा कीअर निळ्यावरही तितक्याच समजूतदारपणे चालतो. निळ्या पडद्यावर कॅमेऱ्याला थोडा जास्त प्रकाश लागतो, एवढीच किंमत. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरव्या रंगाचे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात आणि हिरवा पडदा रूढ होण्यामागे त्वचेच्या रंगापासून त्याचे असलेले अंतर जसे आहे, तसे हेही कारण आहे.

आता थरांकडे. फ्यूजनमध्ये प्रत्येक थर मर्ज नावाच्या नोडने मागच्या थराशी जोडला जातो: मागचे चित्र पिवळ्या टोकाला, पुढचे हिरव्या टोकाला. आकाशावर तोरणा, त्या दोघांवर माची, त्या सगळ्यावर निवेदिका, शेवटी कठडा, असा हा पट डावीकडून उजवीकडे वाचत जाता येतो. मर्जच्या निकालाचा आकार मागच्या चित्राच्या आकारावर ठरतो, हे मात्र आधीच जाणून घ्यावे. आकाशाचे छायाचित्र सहा हजार पिक्सेल रुंद असेल आणि तेच सर्वांत मागे जोडले, तर पुढची सगळी आकडेमोड सहा हजार पिक्सेलवर होते. संगणक रांगू लागतो आणि निवेदिका त्यात बाहुलीएवढी दिसते. म्हणून सर्वांत आधी 1920 गुणिले 1080 मापाचा एक कोरा बॅकग्राउंड नोड ठेवावा आणि आकाशही त्यावर मर्ज करावे. टाइमलाइनवर रचलेले सगळे ट्रॅक निवडून त्यांची एक फ्यूजन क्लिप केली, तर प्रत्येक ट्रॅक वेगळ्या मीडिया-इन (चित्र पटावर आणणाऱ्या) नोडच्या रूपात मर्जसकट जोडून मिळतो. सुरुवात करणाऱ्याने हाच रस्ता धरावा. त्यात क्लिप मूळ मापाऐवजी टाइमलाइनच्या मापावर येते, हा तोटा आहे. फोरकेमध्ये (1080 च्या दुप्पट रुंदी-उंचीत) चित्रित करून 1080 मध्ये संपादन करणाऱ्याला तो जाणवण्यासारखा आहे.

थर नुसते एकावर एक ठेवले, तर दृश्य शाळेतल्या कातरकामाच्या तक्त्यासारखे दिसते, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक हिरव्या पडद्याच्या व्हिडिओंचे घोडे येथेच पेंड खाते. पडदा स्वच्छ निघालेला असतो, तरीही बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहते. सह्याद्रीत लांबचा डोंगर जवळच्या डोंगरापेक्षा निळसर, फिकट आणि कमी उठावाचा दिसतो, कारण मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प त्याच्यावर पसरलेले असते. फ्यूजनमध्ये हे प्रत्येक थरावर वेगळे करता येते: तोरण्याच्या नोडनंतर एक कलर करेक्टर लावून काळा रंग वर उचलायचा, रंगाची तीव्रता उतरवायची; माचीवर तेच, पण निम्म्याने. शिवाय फास्ट नॉइज नावाच्या नोडमधून धुक्यासारखा हलता पोत तयार होतो, तो तोरणा आणि माची यांच्या मधोमध मर्ज केला, की पावसाळ्यातले दरीतून वर येणारे धुके माचीच्या मागे आणि तोरण्याच्या पुढे सरकते. दोन थरांच्या मधल्या जागेत असे काही घालता येणे, हेच या सॉफ्टवेअरचे माझ्या लेखी सर्वांत मोठे बलस्थान आहे. एडिट पानावर हे करायला बसले, तर ट्रॅकची चळत वाढत जाते आणि कशावर कसला परिणाम आहे याचा पत्ता लागत नाही. नोडच्या पटावर ते एका नजरेत दिसते.

निवेदिकेच्या थराला रंगसुधारणा करताना कलर करेक्टरमधल्या ‘प्री-डिव्हाइड पोस्ट-मल्टिप्लाय’ या चौकोनात खूण असलीच पाहिजे. अर्धपारदर्शक कडांचे रंग पारदर्शकतेने आधीच गुणलेले असतात. ते परत न भागता उजळवले, तर केसांभोवती फिकट वलय उमटते आणि दोष मात्र कीअरच्या माथी मारला जातो.

मागच्या उजेडाची किंचित झळ निवेदिकेच्या कडेवर यावी लागते, नाहीतर ती पार्श्वभूमीतली वाटतच नाही. मागच्या सगळ्या थरांचा एकत्र निकाल ब्लर करायचा, निवेदिकेच्या मॅटची आतली कड तेवढी मास्क म्हणून (परिणाम तेवढ्याच भागापुरता ठेवण्यासाठी) वापरायची आणि तो ब्लर केलेला उजेड स्क्रीन या फक्त उजळवणाऱ्या पद्धतीने हलकासा तिच्यावर मर्ज करायचा, असे तीन-चार नोडांत ते काम होते. आकाशाचा थर बदलला, की कडेवरची झळही आपोआप बदलते. सकाळचे आकाश काढून मावळतीचे लावले, तेव्हा निवेदिकेच्या खांद्यावर केशरी छटा आपसूक आली, हे पाहण्यासारखे होते. सूर्याची दिशा मात्र कोणतेही सॉफ्टवेअर बदलून देत नाही; छायाचित्रात ऊन डावीकडून असेल, तर खोलीतला मुख्य दिवाही डावीकडेच हवा.

पुढच्या कठड्याचे महत्त्व लोक कमी लेखतात. तो डिफोकस नोडने थोडा धूसर केला, की दृश्याची खोली वाढते, आणि कमरेखालचा भाग झाकला जात असल्यामुळे पाय जमिनीला टेकल्याचा भास, पायाची सावली, दगडाचा पोत या सगळ्या कटकटी मिटतात. निवेदिकेला पूर्ण उंचीत दाखवण्याचा मोह टाळणे मला तरी शहाणपणाचे वाटते.

कॅमेरा हळूच पुढे सरकल्यासारखा दाखवायचा असेल, तर थर त्रिमिती अवकाशात मांडण्याची सोयही मोफत आवृत्तीत आहे. प्रत्येक चित्र इमेज प्लेन थ्रीडीवर चढवून त्याला कमी-जास्त अंतरावर ठेवायचे, मर्ज थ्रीडीत एकत्र करायचे आणि कॅमेरा थ्रीडी अगदी थोडा हलवायचा. तोरणा जवळजवळ जागचा हलत नाही, माची थोडी सरकते, कठडा बराच सरकतो. हालचाल जास्त झाली, की निवेदिका पुठ्ठ्याची असल्याचे उघडे पडते, म्हणून हे मीठ चिमटीनेच घालावे.

सॉफ्टवेअर चांगले असले, तरी त्याला मिळणारे चित्र कसे आहे यावर बरेच अवलंबून असते. मोबाइल आणि बहुतेक परवडणारे कॅमेरे रंगाची माहिती चित्राच्या निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीनेच साठवतात; म्हणजे 1920 गुणिले 1080 च्या चित्रात रंग खरे तर 960 गुणिले 540 एवढाच असतो, आणि कीअर काम करतो तो रंगावर. फोरकेमध्ये चित्रित करून मूळ मापावर हिरवा काढला आणि शेवटी 1080 वर उतरवले, तर शेवटच्या प्रत्येक बिंदूला रंगाची पूर्ण माहिती मिळते, आणि फरक डोळ्यांना दिसतो. हात हलताना येणारी अस्पष्टता कमी करण्यासाठी शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवावे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे त्यात दिव्यांची लुकलुकही येत नाही.

मोफत आवृत्तीत नसलेल्या गोष्टींपैकी या कामाला सलणारी एकच आहे, आणि ती म्हणजे कलर पानावरची नॉइज रिडक्शन. कमी प्रकाशात चित्रात उठणारी रवाळ खळबळ हिरव्या पडद्यावर मुंग्यांसारखी वळवळते. फ्यूजनमधला रिमूव्ह नॉइज हा नोड मोफत आहे. त्यातून काढलेल्या चित्रावर कीइंग करायचे आणि मिळालेला मॅट मूळ चित्राला मॅट कंट्रोलने लावायचा, म्हणजे चेहऱ्याचा तपशील जात नाही. मॅजिक मास्क हे माणूस आपोआप वेगळा काढणारे साधनही पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे, पण नीट लावलेल्या पडद्यापुढे त्याची उणीव भासत नाही. मोफत आवृत्तीतून अल्ट्रा एचडी आणि 60 फ्रेमपर्यंतच निर्यात होते; घरगुती मालिकेला ते पुरून उरते. लिनक्स वापरणाऱ्यांनी मात्र सावध असावे, कारण तेथे मोफत आवृत्ती एच 264 या व्हिडिओच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या फायली उघडतच नाही.

यंत्राची भूक मोठी आहे. फ्यूजन वापरायचे तर 32 जीबी मेमरी असावी, असे कंपनीच सांगते, आणि पाच थरांचा धुक्यासकट पट पाहता ती अतिशयोक्ती वाटत नाही. त्याहून कमी असेल, तर कॅशे (तयार निकाल साठवून ठेवण्याची सोय) चालू ठेवून, निकाल तयार होईपर्यंत थांबून मगच दृश्य पाहावे. माहितीपुस्तिका तीन हजारांहून जास्त पानांची आहे, कंपनीच्या संकेतस्थळावर फ्यूजनचे स्वतंत्र पाठ्यपुस्तकही फुकट मिळते. यातले काहीच मराठीत नाही. ॲडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधल्या लेयरच्या चळतीची सवय असलेल्यांना नोडचा पट सुरुवातीला परका वाटतो, आणि ज्यांना वर्षातून एखादाच असा व्हिडिओ करायचा आहे त्यांनी ॲडोबीच्याच प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधला अल्ट्रा की किंवा येथलाच थ्रीडी कीअर वापरून मोकळे व्हावे. महिन्या-महिन्याला वर्गणी भरण्याऐवजी एकदाच 295 डॉलर देऊन स्टुडिओ आवृत्ती कायमची घेता येते, हे खरे असले, तरी निव्वळ या कामासाठी ती घ्या असे मी सांगणार नाही.

मालिका करणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. एकदा रचलेला नोडचा पट जसाच्या तसा उचलून पुढच्या भागाच्या क्लिपवर चिकटवता येतो. राजगडाच्या जागी दुसऱ्या गडाची तीन चित्रे जोडायची, पडद्याचा रंग ड्रॉपरने नव्याने उचलायचा आणि क्लीन प्लेट पुन्हा तपासायची. धुके, कडेवरची झळ, कठड्याचा धूसरपणा हे सगळे आपापल्या जागी तयार असते. पहिल्या भागाला लागलेला वेळ अंगावर येणारा होता. पुढच्या भागांत तो बहुतांशी छायाचित्रांचे थर कापण्यातच गेला, आणि ते काम रिझॉल्व्हच्या बाहेरचे आहे.